लिलावातली जपलेली जुनी स्पोर्ट्स कार: सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये गाडी चकाचक दिसते. ती दारात आल्यावर मात्र आरटीओ, पेट्रोल, पाऊस, उंदीर आणि स्पॅनर हे पाचही जण हिशोब मागतात. खालची उत्तरं त्या हिशोबाची आहेत. उदाहरणाला मुख्यतः दोन ब्रिटिश गाड्या घेतल्या आहेत: एमजी टीडी (१९४९ अखेर ते १९५३, १२५० सीसी, सुमारे ५४ हॉर्सपॉवर) आणि एमजीबी (१९६२ ते १९८०, १७९८ सीसी). दुसरी कुठली गाडी असेल तर नंबर आणि मापं बदलतील, तपासण्याची रीत तीच राहील.

जपलेली गाडी आणि रिस्टोर केलेली गाडी, यांत एवढा फरक का मानतात?

रिस्टोर केलेली गाडी पुन्हा रिस्टोर करता येते. कारखान्याचा रंग, मूळ चामडं, मूळ वायरिंगचं कापडी वेष्टण मात्र एकदा उतरवलं की कितीही पैसे मोजून परत मिळत नाही. जगभरच्या जाणकारांचा कलही तिकडे गेला आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. रिस्टोर न केलेल्या गाडीला तिथे हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

म्हणून बोनेटवर केसासारख्या भेगा पडलेला मूळ रंग हा दोष धरू नका. तीच गाडी कालपरवा आरशासारखी रंगवलेली असेल, तर रंगाखाली काय आहे हे विकणाऱ्याला विचारा. काम चालू असतानाचे फोटो नसतील तर किंमत त्या हिशोबानेच धरा.

कॅटलॉगमधल्या कुठल्या गोष्टी नीट वाचायच्या?

अंदाजित किंमत ही फक्त जाहिरात असते, तिच्यावर काही ठरवू नका. राखीव किंमत म्हणजे ज्याच्या खाली विकणारा गाडी देणार नाही तो आकडा. तो बहुतेक वेळा गुप्त असतो. "राखीव किंमत नाही" असं लिहिलं असेल तर शेवटची बोली कितीही कमी असो, गाडी जाते.

सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटी, बारीक टायपात असते: "आहे तशी, आहे तिथे." हातोडा पडल्यावर, म्हणजे बोली पक्की झाल्यावर, ब्रेक लागत नाहीत, इंजिन जाम आहे, नंबर जुळत नाही, यातलं काहीही तुमच्या गळ्यात. तोंडी सांगितलेली गोष्ट कंडिशन रिपोर्टमध्ये (लिलावगृहाच्या गाडीच्या स्थितीच्या अहवालात) नसेल तर ती सांगितलीच नव्हती असं धरा आणि ई-मेलवर लेखी मागून घ्या.

हातोडा पडला त्या आकड्याच्या वर किती पैसे लागतात?

समजा बोली २० लाखांवर थांबली. लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घ्यायचा प्रीमियम १० टक्के असेल तर २ लाख, आणि त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६ हजार. झाले २२ लाख ३६ हजार. प्रीमियमचा दर प्रत्येक लिलावगृहाचा वेगळा असतो, तेव्हा हा आकडा फक्त रीत समजण्यासाठी. विकणारा जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी असेल तर त्याच्या नफ्याच्या फरकावर वेगळा जीएसटी लागतो. तो बोलीत धरला आहे की वर लागणार, हे आधी विचारा.

मग वाहतूक, विमा, नोंदणीचा खर्च, पाच टायर, सगळे होज, ब्रेकचे रबर आणि बॅटरी. गाडी कितीही जपलेली असो, रबर वयानेच मरतं. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे "थोडे रोख द्या, बिल कमी करू" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. बिल कमी झालं की तुमच्या गाडीची कागदावरची किंमतही कमी होते, आणि ते विम्याच्या वेळी आठवतं.

कागदपत्रांत आधी काय बघायचं?

आधी आरसी, तीही मूळ. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचायचा. फोटोवर भागवू नका, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आरटीओतही शेवटी हेच करतात.

१ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू होण्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरी जुने नंबर आहेत. अशा बऱ्याच गाड्या सरकारच्या 'वाहन' या नोंदणी पोर्टलवर दिसतच नाहीत, कारण जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकात चढवलेलीच नसते. तिला बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि ती मूळ नोंदणी जिथे झाली त्या कार्यालयातूनच होते. विकणाऱ्याला बोलीच्या आधी बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आरटीओतल्या नोंदीचा उतारा, काढून द्यायला सांगा. त्यात आतापर्यंतचे मालक, बोजा आणि कराची नोंद असते. "नंतर करून देतो" हे उत्तर असेल तर किमतीतून एक-दोन वर्षांची पायपीट वजा करा.

वाड्यातल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. नोंद आजोबांच्या नावावर, वारस सात, विकायला आलेला एक. आजोबांच्या नावावरून वारसाच्या नावावर गाडी फॉर्म ३१ ने येते, आणि इतर वारसांची संमती लागते. ती साखळी पूर्ण नसताना लिलावात उतरलेली गाडी कितीही देखणी असली तरी हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लिलावात घेतलेली गाडी एमएच-१०, एमएच-११ किंवा एमएच-५० मध्ये नावावर कशी करायची?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. फॉर्म ३२ "सार्वजनिक लिलावातली खरेदी" यासाठी आहे खरा, पण तो केंद्र किंवा राज्य सरकारने, अथवा त्यांच्या वतीने केलेल्या लिलावासाठी. खाजगी लिलावगृहाकडून घेतलेल्या गाडीला नेहमीचेच फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि त्यांवर लिलावगृहाची नव्हे तर नोंदणीकृत मालकाची सही लागते. ही सही पैसे सुटण्याच्या आधी हातात घ्या.

गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सांगलीला एमएच-१०, साताऱ्याला एमएच-११, कराडला एमएच-५०: तुमचा पत्ता ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतो तिथेच अर्ज. कराड-पाटणकडचे लोक सवयीने साताऱ्याला जाऊन परत फिरतात.

'व्हीए' नंबर म्हणजे काय? तो घ्यावा का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए पासूनचे नियम घातले गेले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा, जुनी आरसी, आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद). नवीन नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. नवा नंबर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए', मग दोन अक्षरं आणि चार आकडे असा येतो. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, आणि तो ठेवावाच. तीन अक्षरी मूळ नंबर हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे.

घ्यावा का, हे वापरावर आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीची ये-जा एवढीच मुभा. दर रविवारी कासला किंवा पाचगणीला जायचं मनात असेल, आणि साधी नोंदणी जिवंत असेल, तर ती दर पाच वर्षांनी फॉर्म २५ ने नूतनीकरण करत राहणं सोयीचं. तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणीच मेलेली असेल तर व्हिंटेजचा रस्ता सरळ.

लिलावाआधी बघायला तासभरच मिळतो. त्या तासात काय तपासायचं?

सोबत न्या: छोटी टॉर्च, काठीवरचा आरसा, मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक, रंगाची जाडी मोजायचं यंत्र, पेन्सिल-कागद आणि जुने कपडे. शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची, कारण खरी गाडी खालून दिसते.

सुरुवात रंगापासून. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० ते ३०० म्हणजे वरून एक हात मारला आहे. ८००-१००० च्या पुढे गेलं की खाली पुट्टी. प्रत्येक पॅनेलवर चार-पाच ठिकाणी मोजा आणि आकडे लिहा. एकाच दरवाज्यावर वरती १२० आणि खालती ९०० असेल तर खालचा भाग गंजून भरलेला आहे. साधं यंत्र आणि चुंबक फक्त पोलादावर चालतं. सुरुवातीच्या एमजीबीचं बोनेट ॲल्युमिनियमचं होतं, तिथे चुंबक चिकटलं नाही म्हणून बोंब मारू नका. उलट तिथे चिकटलं तर बोनेट बदललं आहे.

टीडीमध्ये बॉडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा आहे. टीडीच्या दाराच्या बिजागऱ्या मागे असतात, म्हणून दार अर्धं उघडून पुढच्या मोकळ्या कडेने अलगद वर उचलून बघा. बिजागरीत खेळ असेल तर ठीक, पिन बदलता येते. खांबच हलत असेल तर लाकूड सडलं आहे आणि ते काम बॉडी उतरवल्याशिवाय होत नाही. एमजीबीला चेसिस वेगळी नाही, दरवाज्याखालचे सिल हाच कणा. दार आणि मागचा पंखा यांच्यातली फट वरती अरुंद, खालती रुंद दिसली तर गाडी मधून खचली आहे. उघड्या टपाच्या मॉडेलमध्ये तर हे आधी बघा.

मग तारखा. लुकास या कंपनीच्या डायनमोवर, स्टार्टरवर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. १९५२ च्या गाडीवर ते आकडे गाडी बनण्याच्या काही महिने आधीचे असायला हवेत. सगळे भाग १९५२ चे आणि डायनमो १९५८ चा असेल तर तो कधीतरी बदलला, एवढंच. सगळेच भाग वेगवेगळ्या सालचे असतील तर "जपलेली" हा शब्द कॅटलॉगमधून मनातल्या मनात खोडा.

झीज एकमेकींशी जुळते का ते बघा. मीटर २२ हजार मैल दाखवतं आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटलेली, हे जुळत नाही. स्क्रूच्या खाचा तपासा. कधीच न उघडलेल्या स्क्रूची खाच तीक्ष्ण असते आणि तिच्यात रंग असतो.

शेवटी इंजिन. तुम्ही पोचायच्या आत ते गरम करून ठेवलं असेल तर थंड झाल्यावर पुन्हा चालू करून दाखवायला सांगा. टीडीमध्ये गरम इंजिनला चालताना ४० ते ६० पीएसआय तेलाचा दाब असावा. कॉम्प्रेशन तपासू दिलं तर उत्तम: चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. नुसत्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक १० टक्क्यांच्या आत आहे का हे महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

चेसिस आणि इंजिन नंबर नेमके कुठे असतात?

टीडीचा चेसिस नंबर डाव्या बाजूच्या चेसिसच्या पुढच्या टोकावर ठोकलेला असतो. रंगाच्या थरांखाली बुजलेला असेल तर तारेच्या ब्रशने घासू नका, थिनरच्या बोळ्याने पुसा. इंजिन नंबर डाव्या बाजूला अष्टकोनी पितळी पट्टीवर, सुरुवात 'एक्सपीएजी' ने. ही पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे काढून दुसऱ्या इंजिनावर लावता येते. रिव्हेटचं डोकं नवं आणि पट्टी जुनी, असं दिसलं तर सावध.

एमजीबीत चेसिस नंबरच्या सुरुवातीला 'जीएचएन' म्हणजे उघडी गाडी, 'जीएचडी' म्हणजे बंद टपाची जीटी. जीएचडी नंबरची उघडी गाडी म्हणजे कुणीतरी टप कापला आहे. कारखान्याची नोंद पडताळायची असेल तर इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. त्यात मूळ रंग, इंजिन नंबर आणि गाडी कुठे पाठवली गेली ते येतं.

गाडी सांगली-मिरज भागातली आहे. पुरात बुडाली होती का, हे कसं ओळखायचं?

२००५, २०१९ आणि २०२१ ही तीन सालं डोक्यात ठेवा आणि गाडी तेव्हा कुठे उभी होती ते विचारा. कृष्णेचा गाळ बारीक आणि चिकट. धुतल्यावर बाहेरचा जातो, पण हेडलाइटच्या वाटीत, मीटरच्या काचेच्या आतल्या कडेला, दाराच्या पॅनेलमागे, सीटच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि चेसिसच्या बंद पोकळीत राहतो. बोट घालून बघा. डॅशबोर्डमागच्या कापडी वायरिंगवर एका ठराविक उंचीपर्यंतच रंग उतरलेला दिसला तर ती पाण्याची रेघ आहे.

बोली कशी लावायची?

घरून आकडा ठरवून, सगळा वरचा खर्च धरून, कागदावर लिहून जा. फोनवर किंवा लेखी बोली देता येते, तिथे हाताला खाज सुटत नाही. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटात बोली आली की बहुधा वेळ वाढतो, तेव्हा शेवटच्या सेकंदाची हुशारी चालत नाही. गाडी राखीव किमतीखाली राहून परत गेली तर दुसऱ्या दिवशी लिलावगृहाला आपला आकडा कळवा. विकणारा तेव्हा जरा मवाळ झालेला असतो.

मुंबईहून साताऱ्याला चालवत आणावी का?

नको. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक होज आतून फुगलेले असतात आणि खंबाटकीच्या चढाला इंजिन उकळतं. बंद कॅरियर घ्या. रॅम्प लांब हवा, नाहीतर कमी उंचीच्या गाडीचा सायलेन्सर घासतो. पट्टे चाकांवरून बांधायचे, ॲक्सल किंवा बंपरला नाही. गाडी गिअरमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे. चढवण्याआधी चारी बाजूंनी आणि खालून फोटो काढून चालकाची सही घ्या, आणि प्रवासाचा विमा गाडीच्या खऱ्या किमतीचा करा.

घरी आणल्यावर इंजिन पहिल्यांदा कसं सुरू करायचं?

उतावीळपणे स्टार्टर मारू नका. उभ्या इंजिनात सिलिंडर कोरडे असतात, तेल खाली उतरलेलं असतं.

बॅटरीची वायर सोडा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, वास वार्निशसारखा आला तर टाकी उतरवून धुवा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ मिली इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हँडलने हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल घालून दोन दिवस थांबा. जोर लावून फिरवलेल्या इंजिनात अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो.

मग तेल बदला. टीडीला ५ ते ६ लिटर, एमजीबीला सुमारे ४ लिटर, काडी बघत भरा. २०डब्ल्यू-५० घ्या आणि डब्यावर झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं. जुन्या कॅमला ते लागतं. टीडीचा तेलपंप बराच काळ कोरडा राहिला की तेल ओढायचं सोडतो. पंपाचा प्राइमिंग प्लग उघडून तेल भरून घ्या आणि तो परत लावा. बॅटरी जोडा, आणि स्पार्क प्लग बाहेर असतानाच स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवून तेलाच्या मीटरचा काटा उठेपर्यंत थांबा. काटा उठला नाही तर पुढे जायचं नाही.

रेडिएटरचं पाणी आणि होज बघून, टाकीऐवजी छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल देऊन सुरू करा. २० मिनिटं, मध्यम वेगावर. शेजारी अग्निशामक नळकांडं ठेवा. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. टीडीला कव्हरवरच्या पट्टीवर ०.०१९ किंवा ०.०१२ इंच लिहिलेलं असतं, आणि ते गरम इंजिनवर. एमजीबीला ०.०१५ इंच, थंड इंजिनवर. कॅम बदललेला असेल आणि पट्टी जुनीच असेल तर पट्टीवर विसंबू नका.

पंपावरचं ई-२० पेट्रोल चालेल का?

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. गाडी चालेल, पण हात न लावता नाही. तीन गोष्टी बिघडतात. इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला फुगवतं. हवेतली आर्द्रता ओढून टाकीच्या तळाशी पाणी साठवतं, त्यामुळे गंज. आणि त्याला कमी हवा लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलवर बसवलेलं कार्ब्युरेटर ई-२० वर हलकं मिश्रण देतं. इंजिन जास्त तापतं, घाटात टकटक करतं.

उपाय: पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक होज व्हिटॉन (इथेनॉल सोसणारं रबर) अस्तराचा, 'एसएई जे३० आर९' छापलेला. फ्लोटची सुई व्हिटॉन टोकाची. मग मिश्रण दाट करा. एसयू कार्ब्युरेटरखालचा जेटचा नट षटकोनी असतो. तो खाली उतरवला की मिश्रण दाट होतं, एका वेळी एकच बाजू फिरवा. पारख अशी: गरम इंजिन आयडलवर, पिस्टन सुमारे पाऊण मिलिमीटर उचला. आवाज वाढून वाढलेलाच राहिला तर दाट, लगेच पडला तर हलकं, क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. दोन्ही कार्ब्युरेटरला स्वतंत्रपणे करा, आणि डॅम्परमध्ये एसएई २० तेल आहे का तेही बघून घ्या.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरीच कळतं. १०० मिलीच्या मोजनळीत १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरून २८ मिलीच्या जवळ गेला तर ते ई-२० आहे. पावसाळ्यात गाडी उभीच ठेवायची असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करून ठेवा.

आमचा नेहमीचा मेकॅनिक हे काम करेल का?

हात चांगला असेल तर नक्की. कुपवाड, मिरज, कोल्हापूरकडे लेथवर काम करणारे असे कारागीर आहेत की बुश, पिन, शाफ्ट नमुन्यावरून बनवून देतात. फक्त दोन गोष्टी त्याला आधी सांगा.

पहिली, टीडीच्या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचं. त्यातही ८ मिमीच्या बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी आहे. हार्डवेअरच्या दुकानातला ८ मिमीचा बोल्ट १.२५ पिचचा असतो. तो दोन आटे जातो, मग अडतो, आणि पान्याने ओढला की ब्लॉकमधला आटा घेऊनच बाहेर येतो. चेसिसला पुन्हा बीएसएफ हे वेगळ्या मापाचे इंग्रजी आटे, एमजीबीला यूएनएफ हे इंच मापाचे. व्हिटवर्थचा पानासंच विकत घ्या, १३ नंबरच्या पान्याने भागवू नका.

दुसरी, टीडीला आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. इलेक्ट्रिशियन सवयीने उलटं जोडतो. मग अँपिअर मीटर उलटा चालतो आणि डायनमोची ध्रुवता बिघडते. बॅटरीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

टीडीच्या आधीच्या एमजी टीसीसारख्या १९ इंची चाकाला बुलेटचा टायर बसवून देतो म्हणणारा भेटेल. मोटारसायकलचा टायर वळणावरचा आडवा भार घेण्यासाठी बनवलेला नाही. टायर मागवा, थांबा.

रंग मळका दिसतो. पॉलिश मारू का?

आधी पांढरं कापड ओलं करून कोपऱ्यात हलकं घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर तो एकेरी थराचा जुना रंग आहे, त्यावर लॅकर नाही. प्रत्येक पॉलिश त्याचा एक पापुद्रा काढतं. मशीन पॉलिशर आणि कटिंग कंपाउंड दोन्ही बंद. साध्या सौम्य शांपूने धुवा, सावलीत वाळवा, मेणाचा पातळ हात द्या. क्रोमला काथ्या किंवा घासणी लावू नका. चामड्याला खोबरेल नको, बुरशी येते, चामड्यासाठीचं कंडिशनर वापरा. जो भाग नाइलाजाने बदलाल तो चिठ्ठी बांधून, कुठून, कधी काढला ते लिहून पेटीत ठेवा. पुढचा खरेदीदार त्या पेटीचे पैसे देतो.

पावसाळ्यात गाडी कुठे आणि कशी ठेवायची?

महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यात नको. जून ते सप्टेंबर तिथे चामड्यावर आठवड्यात बुरशी चढते. गाडी ठेवायला माण-खटाव किंवा तासगाव-जतकडची कोरडी हवा बरी. शहरातच ठेवायची तर फरशीखालून ओल येणार नाही अशी जागा, आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत राखणारं यंत्र, वरून सुती कव्हर. प्लॅस्टिकचा कागद टाकला की आत घाम सुटतो. टायरमध्ये नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय जास्त हवा. हँडब्रेक सोडून ठोकळे लावा, नाहीतर ड्रमला लायनिंग चिकटतं. दर पंधरवड्याला गाडी वीतभर पुढे-मागे ढकला.

ऊस तुटायला लागला की शेतातले उंदीर घराकडे वळतात. सायलेन्सर आणि हवेच्या फिल्टरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवा, आणि ती काढल्याशिवाय गाडी चालू होऊ नये म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा. आसपास धान्य किंवा पेंड ठेवू नका. गोळ्या टाकू नका, मेलेला उंदीर सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडतो.

विमा कसला घ्यायचा?

थर्ड पार्टी तर सक्तीचाच. स्वतःच्या नुकसानीसाठी नेहमीची घसारा धरलेली किंमत निरुपयोगी आहे, ७० वर्षांच्या गाडीची ती जवळजवळ शून्य येते. "ठरवलेल्या किमतीची" पॉलिसी मागा. जुन्या मोटर टॅरिफमध्ये (विम्याच्या दरांच्या नियमावलीत) ही सोय ३१ डिसेंबर १९४० पूर्वीच्या, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांना होती. त्यानंतरच्या गाड्यांसाठी कंपनीशी लेखी बोलून घ्यावं लागतं. मूल्यांकनाचा अहवाल, लिलावाचं बिल आणि फोटो सोबत द्या.

पसरणी घाटातून खाली येताना काय सांभाळायचं?

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. टीडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, बूस्टर नाही. सतत पाय ठेवला की ड्रम तापून पेडल खाली जातं. थोडं जोरात दाबा, सोडा, थंड होऊ द्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, आणि सिलिकॉनचं डॉट ५ आणि साधं डॉट ४ कधीही मिसळू नका.

परदेशातल्या लिलावात बोली लावावी का?

५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीची वाट फेब्रुवारी २०२५ पासून मोकळी झाली आहे, पण सीमाशुल्क आणि कर धरून दारातली किंमत बोलीच्या दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. कस्टम एजंटकडून लेखी हिशोब आल्याशिवाय बोली लावायला पॅडल उचलू नका.

पुढे विकायची झाली तर?

व्हिंटेज नोंदणीची गाडी विकता येते. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या राज्याच्या परिवहन विभागाला ९० दिवसांत कळवायचं. बिलं, छाप, जाडीचे आकडे आणि सुट्या भागांची पेटी गाडीसोबतच द्या. हेरिटेज सर्टिफिकेटची मूळ प्रत मात्र व्यवहार पूर्ण होईपर्यंत हातातून सोडू नका, तोवर झेरॉक्स पुरे.